स्थळी हजर असल्यासच कथा सांगावी: एक अनावृत पत्र

स्थळकथा-नकाशाच्या सन्माननीय चालकांस,

 

आपल्या संकेतस्थळावर ज्या नव्या सोयी अमलात आल्या आहेत, त्यांचे परिपत्रक आम्हां सभासदांस पावले. नकाशावर बोट ठेवावे, तेथे एक टाचणी रोवावी आणि त्या स्थळाची हकीकत चारचौघांपुढे मांडावी, एवढ्याच कल्पनेवर आपला हा उद्योग आरंभी उभा होता. परंतु सुधारणा हा ज्यांचा स्वभावच होऊन बसतो, त्यांना न बिघडलेली वस्तू डोळ्यांसमोर असणे सहन होत नाही, आणि आपण तर सुधारकांचे अग्रणी. सबब सभासदवर्गाच्या वतीने आभार मानण्याचे काम, कोणी सोपविलेले नसताही, मी पत्करीत आहे.

पहिली सोय हजेरीची. सांगणाऱ्याचा मोबाईल त्या स्थळापासून पन्नास मीटरांच्या आत असल्याखेरीज कथा दाखल करून घेतली जाणार नाही, असा आपला दंडक. आणि घरबसल्या रचलेल्या भाकडकथांस आळा घालण्याचा त्यामागील हेतू कोणासही पटावा असाच आहे. आता इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गाव उजनीच्या जलाशयाखाली गेले, आणि धरणाचे पाणी पुरेसे ओसरले म्हणजेच तेथील पळसनाथाचे देऊळ दृष्टीस पडते. त्या गावच्या माणसास आपल्या वाड्याची अथवा पारावरच्या बैठकीची कथा सांगावयाची झाल्यास त्याने एक तर अवर्षणाची प्रार्थना करावी, नाही तर होडी भाड्याने घेऊन, आपला उंबरा खाली नेमका कोठे असेल याचा अदमास बांधीत, लाटांवर डोलत मजकूर लिहावा. मुळशीकडच्या मंडळींची व्यवस्था आपण याहूनही चोख लावली आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध ज्यांनी सत्याग्रह मांडला आणि ज्यांचे नेतृत्व पुढे सेनापती बापटांनी केले, त्या मावळ्यांच्या नातवंडांनी तलावात टाचणी रोवताच 'येथे पाणी आहे, कृपया जमीन निवडा' अशी सूचना आपले यंत्र देते. सत्याग्रहींचे म्हणणे तरी दुसरे काय होते? निवडीची मुभा तेवढी त्यांना नव्हती.

वस्तुतः गावात नांदणाऱ्यास गाव सांगण्याची गरज क्वचितच भासते. गाव सांगतो तो गावावरून उठलेला, उठविला गेलेला, चाकरीसाठी मुंबईस येऊन चाळीच्या खोलीत निजणारा माणूस. अशा सर्वांस आपण एका कलमासरशी गैरहजर ठरविले, यावरून आपल्या दफ्तराची शिस्त ध्यानी येते.

दुसरी सोय कालपट्टीची. दिवस, महिना व वर्ष हे तिन्ही रकाने भरल्याविना पुढचे पान उघडत नाही. पुणेकरांस यात अडचण नाही; पानशेत फुटले ती १२ जुलै १९६१ ही तारीख त्या शहरात आजही न विचारता सांगितली जाते. परंतु एखादी आजी 'प्लेगाच्या आदल्या सुगीला' म्हणते, एखादी 'बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायला जात होतो तेव्हा' म्हणते, आणि शिवेवरचा म्हसोबा कोणाच्या स्वप्नात कोणत्या तारखेस आला याची नोंद तर खुद्द गावकामगार पाटलाच्याही चावडीत नसते. अशा प्रसंगी '१ जानेवारी १९००' हा दिनांक भरावा, असा तोडगा आपण काढलात. त्यायोगे त्या एका दिवशी महाराष्ट्रातील यच्चयावत ग्रामदैवते प्रकट झाली, सर्व झपाटलेल्या विहिरी खोदल्या गेल्या आणि सर्व सासुरवाशिणींनी एकसमयावच्छेदेकरून त्यांत उड्या घेतल्या, असा अपूर्व शोध आपल्या कालपट्टीवरून कोणाही अभ्यासकास लागू शकेल.

तिसरी सोय मला सर्वाधिक विस्मयकारक वाटते. समान आशयाच्या कथा यंत्राने आपोआप हेराव्या आणि त्यांचे एका कथेत विलीनीकरण करावे, ही ती सोय. नाशिकची लेणी पांडवांची म्हणून प्रसिद्ध आहेत, मग भिंतींवरच्या शिलालेखांतून सातवाहन आणि क्षत्रप राजकुळे भिक्षुसंघास दिलेल्या दानांची कितीही साक्ष देवोत. आणि अंबरनाथचे शिवालय शिलाहारांच्या राजवटीत झाल्याचे तेथील शके ९८२ चा लेख सांगत असला, तरी ते पांडवांनी एका रात्रीत उभारले हे लोकांनी केव्हाच ठरवून टाकले आहे. आपल्या यंत्राने दोन्हीकडे पांडव पाहिले, एक कथा ठेवली, दुसरी काढून टाकली. पुनरुक्ती टळली खरी. परंतु अंबरनाथच्या माणसास नाशिकच्या पांडवांशी काय कर्तव्य? त्याला सांगावयाचे आहे ते असे की, आपल्या ओळखीच्या माणसांच्या हातून जे होणे शक्य नव्हते असे काम आपल्या गावी झाले आणि पहाट झाल्यामुळे ते आपल्याच गावी अपुरे राहिले. पांडव सर्वांचे असतील, ती पहाट त्याच्या गावची होती.

तारांकनाविषयी फार लिहीत नाही. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या लेकराच्या ओढीने कडा उतरून गेलेल्या हिरकणीस पाचांपैकी साडेतीन तारे मिळाले असून वाहने लावण्यास जागा नाही, हे त्याचे कारण नमूद आहे. सर्व हकिकतींचा यंत्रकृत एकोळी गोषवारा हीदेखील मोठी सोय. त्यानुसार महाराष्ट्रातील बहुतेक स्थळे 'ऐतिहासिक महत्त्वाची व कौटुंबिक सहलीस योग्य' आहेत.

आपण नवे काही करीत आहात असा आपला समज परिपत्रकात ठायी ठायी दिसतो, म्हणून पूर्वसुरींचा थोडा दाखला देतो. महानुभावांच्या स्थानपोथीत चक्रधरस्वामी ज्या ज्या ठिकाणी राहिले, बसले, निजले, ती ठिकाणे गावागणिक नोंदलेली आहेत. देऊळ कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, हे सारे त्यात येते, आणि तरीही त्या पंथीयांनी स्वामींच्या लीळा कापून नकाशाच्या मापाची केली नाही. पुढे १८१५ साली भारताचा सर्व्हेअर जनरल झालेल्या कॉलिन मॅकेन्झीने दक्षिणेत मोजणीच्या साखळ्या ओढीत असता, आपल्या एतद्देशीय कारकुनांकरवी गावोगावच्या कैफियती लिहवून घेतल्या, त्यांत मराठीही आहेत. ज्याचा पेशाच जमीन मोजण्याचा, त्यालाही एवढे उमगले होते की गावाचे क्षेत्रफळ कळले म्हणजे गाव कळले असे होत नाही. आणि आमच्या गोतसभांची रीत तर याहून जुनी. वतनाचा वा शिवेचा तंटा पडला की वादी-प्रतिवादी दोघांच्याही तकरिरा, म्हणजे जबान्या, लिहून घेत, मग महजर म्हणजे निवाडापत्र होई, त्यावर पाटलाच्या निशाणीचा नांगर उमटे आणि साक्षीदारांची नावे, निशाण्या येत. निवाडा एकाच्या बाजूने होई. पण म्हणून हरलेल्याची तकरीर कोणी दुसरीत विलीन केली नाही. ती हरलेली कागदपत्रे शाबूत राहिली, म्हणूनच त्या काळच्या गावाची बोली, भाऊबंदकी आणि हेवेदावे आज वाचावयास मिळतात.

सारांश, नकाशा कथेच्या चाकरीस होता तोवर दोघांचेही बरे चालले होते; आपण कथेस नकाशाच्या चाकरीस लावून तिची हजेरी घेऊ लागला आहात. तरी पुढील सुधारणेच्या वेळी तीन गोष्टींचा विचार व्हावा. गैरहजर इसमाची कथा घेण्यात यावी, आणि तो गैरहजर का, हाही एक रकाना असावा. काळ सांगणाऱ्याच्या मोजणीने लिहू द्यावा. आणि एका टाचणीवर दोन परस्परविरुद्ध हकिकती नांदत असतील तर त्यांना नांदू द्यावे, दोघींखाली सांगणाऱ्यांची नावे मात्र असावीत. यांपैकी एकाही गोष्टीस नवे यंत्र लागत नाही. असलेली काही बंद केली म्हणजे पुरे, आणि तेवढ्याच कारणास्तव हा अर्ज नामंजूर होईल याची मला खात्री आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद
(स्थळ-पडताळणी प्रलंबित)