चाळीस टक्के कीबोर्ड, शंभर टक्के हौस

पूर्ण कीबोर्डला शंभरावर कळा असतात. हौशी माणूस त्यातल्या निम्म्याहून जास्त गाळलेला ‘चाळीस टक्के’ कीबोर्ड चढ्या भावाने घेतो. आकडे गेले कुठे? दुसऱ्या लेयरवर: एक खास कळ धरून ठेवली, की बाकीच्या कळा अक्षरांऐवजी आकडे देतात. क्यूएमके हे फर्मवेअर असे ३२ लेयरपर्यंत देतं. माणसाला बोटं दहाच, हा काही त्याचा दोष नाही. की-मॅप सी भाषेत लिहायचा, कंपाइल करायचा, पाठीमागचं इवलंसं रीसेट बटण दाबून फ्लॅश करायचा. मग अंगठ्याखालची एकच कळ पटकन दाबली तर स्पेस, २०० मिलिसेकंदांहून जास्त धरली तर लेयर. अंगठा जरा रेंगाळला, की दोन शब्द चिकटलेच! हे सगळं वेळ वाचवण्यासाठी, बरं का. घरात असं कुणी असेल, तर वीजबिल भरायचं काम त्याच्या गळ्यात घालू नका. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो.