स्विंगला शोभेल अशी काठी : खरेदीपूर्व मार्गदर्शन

गोल्फच्या नियमानुसार खेळाडूला बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात. हे बंधन १९३८ मध्ये अमेरिकेत आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये आले. त्याआधी काही मंडळी वीस-पंचवीस काठ्या घेऊन खेळत, म्हणजे खेळत स्वतः आणि वाहत कॅडी. उलट १९१६ ची यूएस ओपन चिक इव्हान्स या हौशी खेळाडूने अवघ्या सात काठ्यांनिशी जिंकली. हे उदाहरण दुकानात कोणी देत नाही. आपणही देऊ नये, उत्साह मावळतो. प्रस्तुत मार्गदर्शन ज्यांची खरेदी ठरलेली आहे आणि फक्त कारण शोधायचे राहिले आहे, अशा होतकरू गोल्फपटूंसाठी आहे.

पायरी पहिली : आपला स्विंग कोणता ते ठरवणे

काठी स्विंगला साजेशी हवी, यावर सर्व तज्ज्ञांचे एकमत आहे. अडचण एवढीच की प्रत्येक गोल्फपटूकडे किमान तीन स्विंग असतात. पहिला चेंडूशिवायचा. लिफ्टची वाट पाहताना, हातात छत्री आली की तो आपोआप येतो आणि निर्दोष असतो. दुसरा, समोर चेंडू ठेवल्यावरचा. तिसरा, पहिल्या टीवर मागे चार मेंबर चहाचे कप घेऊन उभे असतानाचा. दुकानात काठी निवडली जाते पहिल्यासाठी, तपासली जाते दुसऱ्यावर आणि वापरावी लागते तिसऱ्याला.

हा घोळ मिटवण्यासाठी हल्ली लाँच मॉनिटर नावाचे यंत्र असते. ते रडारने किंवा कॅमेऱ्याने काठीचा वेग, चेंडूचा वेग, उड्डाणाचा कोन आणि फिरकी मोजते. अमेरिकेच्या पीजीए टूरवरील खेळाडूंचा ड्रायव्हर ताशी साधारण ११५ मैल वेगाने फिरतो. आपला आकडा पंचाऐंशी-नव्वदच्या घरात आला तर घाबरू नये, पण खुलासे तयार ठेवावेत : बूट नवे आहेत, एसी फार आहे, कालच जिमला गेलो होतो.

चेंडूच्या वेगाला काठीच्या वेगाने भागले की जो आकडा येतो त्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरच्या बाबतीत तो १.५ च्या आसपास आला, म्हणजे चेंडू तोंडाच्या मधोमध लागला. १.३ आला, तर ताकद भरपूर आहे पण ती चेंडूपर्यंत पोहोचत नाही. यंत्राजवळचा तरुण अशा वेळी "पोटेन्शियल आहे सर" असे म्हणतो. ते कौतुक समजून पुढच्या पायरीकडे वळावे.

पायरी दुसरी : ड्रायव्हरची तुलना

ड्रायव्हरचे डोके पूर्वी पर्सिमनच्या लाकडाचे असे. गडचिरोली-चंद्रपूरकडे ज्या तेंदूची पाने विडीसाठी तोडतात, त्याचा हा अमेरिकेतला चुलतभाऊ. वनस्पतिशास्त्रात दोघांचे घराणे एकच, डायोस्पायरॉस. म्हणजे एके काळी साहेबाचा ड्रायव्हर आणि कॅडीची विडी एकाच खानदानातली होती. १९७९ मध्ये टेलरमेडच्या गॅरी ॲडम्स यांनी पोलादी डोके बाजारात आणले. १९९१ मध्ये कॅलवेने पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचे नाव देऊन 'बिग बर्था' आणली. तिचे डोके १९० घनसेंटिमीटरचे होते आणि तेव्हा ते अवाढव्य वाटले. २००४ मध्ये नियमकर्त्यांनी ४६० ची मर्यादा घातली आणि आज जवळजवळ सगळे त्या मर्यादेला जाऊन टेकले आहेत. डोके अडीच पट वाढले, चेंडू मात्र ४२.६७ मिलिमीटरच राहिला. तरीही तो चुकतो, याचे श्रेय सर्वस्वी खेळाडूचे.

ड्रायव्हरचा पत्रा चेंडूला किती उसळी देऊ शकतो, यावरही नियमाची मर्यादा आहे आणि चांगल्या कंपन्यांनी ती केव्हाच गाठली आहे. तरी दरवर्षी नव्या मॉडेलची जाहिरात 'दहा यार्ड जास्त' सांगते. २००४ पासूनचे हे दहा-दहा यार्ड जोडले, तर तेव्हा दोनशे यार्ड मारणाऱ्याचा चेंडू आज पार-फोर होलच्या ग्रीनवर एका फटक्यात पडायला हवा. तो पडत नसेल, तर आपण मधली एकदोन मॉडेल घ्यायची चुकवली असणार. मागची बिले तपासावीत.

आता लॉफ्ट, म्हणजे तोंडाची तिरपाई. ड्रायव्हर साधारण ९ पासून १२ अंशांपर्यंत मिळतात. जितके अंश कमी तितका मर्द गडी, असा क्लबात दृढ समज आहे. भौतिकशास्त्र नेमके उलटे बोलते. वेग कमी असेल तर चेंडू हवेत टिकवायला तिरपाई जास्त लागते. ८५ मैल वेगाने ९ अंशांचा ड्रायव्हर मारला, तर चेंडू लवकर खाली येतो आणि पुढचा प्रवास पायी करतो. शास्त्र आणि प्रतिष्ठा या दोघांचे समाधान करणारा मार्ग असा : वर ठळक ९ लिहिलेला ड्रायव्हर घ्यावा आणि घरी दार लावून मानेजवळचा स्क्रू फिरवून तो साडेदहावर न्यावा. असे केल्याने उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या ड्रायव्हरचे तोंड किंचित डावीकडेही वळते, त्यामुळे स्लाइसवाल्यांना मदत होते. कोणी विचारल्यास आकड्याकडे बोट दाखवावे.

स्लाइसबद्दल थोडे सविस्तर. फटक्याच्या क्षणी तोंड स्विंगच्या मार्गापेक्षा उजवीकडे उघडे राहिले की चेंडू उजवीकडे वळत जातो. काठी आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढीच असते, तेव्हा वाटेत काही दुरुस्त करू असे मनात आणू नये. टाचेकडे वजन दिलेले ड्रायव्हर हे वळण थोडे कमी करतात, पण सगळे घालवत नाहीत. तीन ड्रायव्हर बदलले तरी स्लाइस तोच राहतो, कारण तो मनगटात असतो आणि मनगट एक्स्चेंजमध्ये घेत नाहीत.

लांबीचेही तसेच. दुकानातला ड्रायव्हर पंचेचाळीस इंचांच्या पुढेच असतो. टायगर वुड्स त्याच्या भराच्या काळात साडेत्रेचाळीस इंचांचा, तोही पोलादी शाफ्टचा, वापरत होता. आखूड काठीने चेंडू मधोमध लागण्याची शक्यता वाढते. लांब काठीने मात्र जो एखादा चेंडू मधोमध लागतो, त्याच्याबद्दल आठ दिवस बोलता येते. आपल्याला काय हवे आहे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

पायरी तिसरी : आयर्नची तुलना

दोन कंपन्यांचे सात नंबर शेजारी धरून मारून पाहावेत. एकाने चेंडू पंधरा यार्ड लांब गेला, तर तो घेण्यापूर्वी त्याचे अंश विचारावेत. पूर्वी सात नंबरची तिरपाई पस्तीस-छत्तीस अंश असे. आज हौशी खेळाडूंसाठी बनवलेल्या कित्येक सात नंबरांची अठ्ठावीस-तीस असते. जुन्या हिशेबाने तो पाच नंबर झाला. नववीचा मुलगा सातवीत बसवून त्याचा पहिला नंबर काढावा, तसा हा प्रकार आहे. पालक खूश, शाळा खूश, मुलगाही खूश. कंपन्यांचा खुलासा असा की आता वजन तळाशी असल्यामुळे चेंडू कमी तिरपाईतही उंच उडतो. हा खुलासा खरा आहे, म्हणून तो अधिकच उपयोगी पडतो.

याचा परिणाम खालच्या टोकाला दिसतो. पिचिंग वेजही पूर्वीच्या अठ्ठेचाळीस अंशांवरून चव्वेचाळीसच्या आसपास सरकला. त्यामुळे त्याच्या आणि सँड वेजच्या मध्ये मोठी पोकळी पडली आणि ती बुजवायला गॅप वेज आला, जो बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो. आधी खड्डा, मग त्याचे टेंडर, ही पद्धत आपल्याला परकी नाही.

आयर्नचे दोन मुख्य प्रकार. पहिला ब्लेड : पातळ, देखणा, मधोमध लागला तर हाताला कळतही नाही आणि कडेला लागला तर कोपरापर्यंत कळते. दुसरा कॅव्हिटी बॅक : मागून पोकळ, वजन कडेला वाटलेले. पिंग कंपनी काढणारे कार्स्टन सोल्हाइम हे अभियंते. कडेचे वजन वाढवले की चेंडू चुकीच्या जागी लागला तरी डोके कमी मुरडते, हा विचार त्यांनी बाजारात रुजवला. ज्याचा हँडिकॅप वीसच्या पुढे आहे त्याने कॅव्हिटी बॅक घ्यावा, असे शास्त्र सांगते. बॅग उघडी ठेवून ती सर्वांना दिसेल अशी उभी करण्याची सवय असल्यास ब्लेडचा विचार करावा.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लाय, म्हणजे जमिनीशी काठीचा कोन. डोक्याचे पुढचे टोक वर राहत असेल तर चेंडू डावीकडे जातो, टाच वर राहत असेल तर उजवीकडे. उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून हा कोन बदलून मिळतो. खर्च फार नसतो आणि फरक खरा पडतो. बहुधा म्हणूनच या गोष्टीबद्दल क्लबात कोणी बोलत नाही.

पायरी चौथी : शाफ्टवरचे अक्षर

शाफ्ट किती लवतो हे अक्षराने सांगतात : सीनियर, रेग्युलर, स्टिफ, एक्स्ट्रा स्टिफ. ही अक्षरे ठरवणारे कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका ताठ असू शकतो. तरीही माणसे अक्षरावरच भांडतात. मुदत ठेवीवर अर्धा टक्का जादा व्याज घेताना जे गृहस्थ ज्येष्ठत्वाचा पुरावा खिशातून तत्परतेने काढतात, तेच शाफ्टवर 'सीनियर' दिसला की दोन पावले मागे सरकतात. त्यांच्यासाठी सूचना : शाफ्ट स्विंगप्रमाणेच घ्यावा आणि बॅगेत अक्षर खाली करून ठेवावा.

पायरी पाचवी : निःपक्षपाती चाचणी

खरी तुलना करायची तर दोन्ही काठ्या एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या चेंडूंनी, आलटून पालटून माराव्यात. ड्रायव्हरच्या तोंडावर पायाला मारायच्या पावडरचा फवारा मारला की चेंडू कुठे लागला ते उमटते. घरंगळलेले अंतर सोडून हवेतून कापलेले अंतर धरावे. सर्वांत लांब गेलेला चेंडू मोजू नये. दहा चेंडू किती रुंदीत विखुरले ते पाहावे. या पद्धतीने बहुतेक वेळा जुनीच काठी जिंकते, त्यामुळे ती फारशी प्रचलित नाही.

प्रचलित पद्धत ऋतुमानावर आधारलेली आहे. जुन्या ड्रायव्हरची शेवटची चाचणी जुलैमध्ये घ्यावी, म्हणजे चेंडू ओल्या फेअरवेत पडेल तिथेच रुतून बसतो. नव्याचे उद्घाटन एप्रिलमध्ये करावे. जमीन कडक असते, चेंडू मनसोक्त घरंगळतो. भूगोलाचाही आधार घेता येतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे आणि विरळ हवेमुळे येरवड्याच्या कोर्सवर चेंडू चेंबूरपेक्षा दोनेक टक्के लांब जातो. दोनशे यार्डांमागे चार यार्ड. तेव्हा जुनी काठी मुंबईत आणि नवी पुण्यात तपासावी. पुणेकरांना यात काठीचा वाटा नसून पुण्याचा आहे असे वाटल्यास त्यांना तसे वाटू द्यावे.

पायरी सहावी : सल्ला कोणाचा घ्यावा

यूट्यूब, क्लबातले न विचारता बोलणारे ज्येष्ठ, फी घेणारा प्रो आणि कॅडी असे चार सल्लागार उपलब्ध असतात. यातल्या कॅडीने आपले सगळे फटके, झाडीत गेलेल्यांसह, प्रत्यक्ष पाहिलेले असतात.

"साहेब, सहा घ्या."

"एकशे चाळीसच तर आहे. सात दे."

"सात जातो ना तुमचा एकशे चाळीस. पण रोज नाय जात."

लाखभराचे यंत्र जे विखुरलेल्या ठिपक्यांतून दाखवते, ते या वाक्यात आले. मात्र ते फुकट मिळत असल्यामुळे शास्त्रीय मानण्याची पद्धत नाही.

जाता जाता एक इशारा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. पदक एका फटक्याने हुकले. तिच्यासोबत खेळणाऱ्या अनेकींचे ड्रायव्हर तिच्यापेक्षा कितीतरी लांब पडत होते. ती टिकून राहिली ती पुटरच्या जोरावर. मग तुलना पुटरचीच का करू नये, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर सोपे आहे : पुटरने मारलेला चेंडू पहिल्या टीवरच्या चार मेंबरांना दिसत नाही.

पायरी सातवी : जुन्या संचाची विल्हेवाट

नवा संच आला की जुना क्लबच्या फलकावर विक्रीला लावावा. किंमत मोघम ठेवावी, कारण विचारल्यास 'स्विंग बदलला' असे सांगावे. जाहिरातीत 'फारसा वापरलेला नाही' हे शब्द बेधडक लिहावेत. त्या काठ्यांचा चेंडूशी नीट संबंध किती वेळा आला हे लक्षात घेता, संपूर्ण व्यवहारातले तेवढे एकच विधान अक्षरशः खरे असते.