विजेवर चालणारी कोथिंबीर

नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबीर चढली की जुडीच्या भावाची बातमी होते आणि पडली की रस्त्याची. पडत्या भावात माल परत नेण्याचं भाडंसुद्धा सुटत नाही, म्हणून शेतकरी तो तिथेच ओततो आणि रिकामी गाडी घेऊन घरी जातो. अशा या गावात कोथिंबीर पिकवायला हजार लिटर पाणी, दोन पंप, एक इन्व्हर्टर आणि मासे लागतात, असा शोध आमच्या शेजारच्या अण्णांनी लावला आहे.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. परसात तुळस, कढीपत्ता आणि दोरीवरचे कपडे एवढंच नांदत होतं. त्यातले कपडे आता गच्चीवर गेले आहेत आणि त्यांच्या जागी अंबडच्या भंगारातून आणलेली जाळीतली प्लास्टिकची टाकी उभी आहे. पूर्वी तिच्यात काय होतं, असं मी विचारलं. ‘भंगारवाला म्हणाला, खायचंच काहीतरी होतं,’ अण्णा म्हणाले. कर्जाचा अर्ज तीन तीनदा परत पाठवणारा हा माणूस! टाकीचा वरचा भाग कापून उलटा ठेवला, त्यात खडी भरली, तो झाला वाफा. खालच्या भागात मासे. याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात.

तत्त्व अण्णांनी मला फाटकाशी उभं राहून समजावलं. मासे हगतात (अण्णांचा शब्द सभ्य होता), जिवाणू राबतात, झाडं खातात आणि मालक खुर्चीत बसतो. यातली पहिली तीन विधानं शास्त्राला धरून आहेत. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो, तो त्यांनाच मारक. एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, तोही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचा नायट्रेट करतात आणि तो मात्र मुळांना मानवतो. हे दोन्ही कामगार खडीवर वस्तीला यायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. त्यांना बोनस, धमकी, ओव्हरटाइम काहीही लागू पडत नाही. तोवर खुर्ची रिकामी असते, कारण मालक परीक्षानळी घेऊन टाकीपाशी उभा असतो.

हा विधी मी पाहिला आहे. सकाळी सातला अण्णा चष्मा कपाळावर चढवून नळीत टाकीचं पाणी घेतात, बाटलीतले थेंब मोजून टाकतात आणि नळी छापील रंगपट्टीशेजारी धरतात. पिवळं म्हणजे अमोनिया नाही. हिरवट म्हणजे आहे. पिवळट-पोपटी म्हणजे घरात वाद. ‘हे पिवळंच आहे ना?’ असं ते काकूंना विचारतात. काकू पोळी लाटता लाटता खिडकीतून बघतात आणि म्हणतात, ‘मला तर मेंदीसारखं दिसतंय.’ त्या दिवशी माशांचा उपास. नाशिकच्या बोअरचं पाणी जड. ते आम्लाकडे झुकायचं नाव घेत नाही आणि अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त चावतो. त्यामुळे माशांना उपास बरेच घडतात. एवढे काकूंनाही घडत नाहीत.

मासे तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेचा पाहुणा 1952 साली भारतात आणला गेला आणि 1959 साली त्याच्या प्रसाराला मनाई झाली, कारण तो जिथे शिरतो तिथे इतरांना जागा ठेवत नाही. मनाईचं पत्र माशांपर्यंत पोहोचलं नाही. उजनीच्या जलाशयात तो आज चिलापी म्हणून सुखाने नांदतो. मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे अण्णांच्या टाकीतली खानेसुमारी कधीच जुळत नाही आणि बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ही गोष्ट फार लागते. परवान्याचं काय, असं मी एकदा विचारलं. ‘हे घरगुती आहे,’ असं उत्तर आलं. गणपतीतला मांडव उभारणारेही हेच सांगतात.

आता खर्च. कॅरिबियनमधल्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. तरंगत्या वाफ्यांवरच्या पालेभाज्यांसाठी तिथलं प्रमाण असं, की एका चौरस मीटरला रोज 60 ते 100 ग्रॅम मत्स्यखाद्य. अण्णांचा वाफा खडीचा, पण हिशेब त्यांनी याच दराने मांडला. मधला आकडा 80 धरला आणि कोथिंबिरीला 45 दिवस दिले, तर चौरस मीटरभर पिकाला 3 किलो 600 ग्रॅम खाद्य झालं. या खाद्यात सोयाबीनची पेंड असते आणि सुक्या मासळीचा कूटही असतो. म्हणजे समुद्रातले मासे पकडायचे, वाळवायचे, दळायचे, त्यांच्या गोळ्या करून घाट चढवून आणायच्या आणि नाशिकच्या माशांना चारायच्या. त्यातून जे उगवतं त्याला अण्णा ‘झिरो किलोमीटर कोथिंबीर’ म्हणतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तेच पाणी फिरत राहतं. उडून जातं आणि झाडं पितात तेवढीच भर घालावी लागते. जमिनीवरच्या शेतीच्या मानाने पाणी खरोखरच फार थोडं लागतं. हे वाचलेलं पाणी अण्णा नंतर गाडी धुवायला वापरतात.

शिवाय हे नैसर्गिक आहे, म्हणजे काही मारायचं नाही. कोथिंबिरीवर मावा आला. औषध फवारावं तर ते वाफ्यातून टाकीत उतरणार. निंबोळी तेलाचंही भय. तेव्हा अण्णा रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन एकेक दांडी झाडत बसले. मग पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. लोह कमी! माशांच्या खाद्यातून ते पुरेसं मिळत नाही, म्हणून डबीतून आणलं. डिसेंबरात निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, तशी इथे टाकीला गोधडी गुंडाळली गेली. पाणी फार गारठलं की तिलापिया आधी खाणं सोडतो आणि नंतर जग. उन्हाळ्यात उलट. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि वीज गेली की पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर तोंडं वासून उभे. आमच्या गल्लीत इन्व्हर्टरवर पंखा चालतो. अण्णांच्या घरी त्यावर बुडबुडे चालतात आणि काकू पुठ्ठ्याने वारा घेतात.

या सगळ्यानंतर अण्णांचं एक मत पक्कं झालं आहे. शेतकऱ्यांना कळत नाही! त्यांनी हेच करायला हवं. मातीत काय ठेवलंय?

परवा काकूंचा भाचा आला. दिंडोरीकडे त्याची शेती. मार्केटला माल घेऊन आला होता, भाव बसला नाही, म्हणून पिकअपमधून कोथिंबिरीचं अख्खं पोतं ओट्यावर उतरवलं. ‘मावशी, वड्या कर, शेजारी वाट, काहीही कर.’ काकूंनी लगेच परात काढली. अण्णांनी त्याला बाहीला धरून परसात नेलं आणि सगळी यंत्रणा दाखवली, सायफनसकट. वाफा ठरल्या पातळीपर्यंत भरला की सायफन गुरगुरून सगळं पाणी एका दमात खाली सोडतो. जुन्या साखळीच्या फ्लशसारखाच प्रकार. भाच्याने दोनदा भरताना पाहिलं. खरंच रमला होता. मग गाळणीखालच्या बादलीत वाकून बघितलं.

‘हा गाळ कुठं टाकता, काका?’

‘गटारात.’

‘मला द्या की,’ तो म्हणाला आणि पिकअपमधला कॅन घेऊन आला.

अण्णांच्या वाफ्यात तेव्हा जुडीभर कोथिंबीर असेल. वड्यांत ती घालायची का, असं काकूंनी आतून विचारलं. अण्णांनी ऐकलंच नाही; ते भाच्याला विजेचं बिल दाखवत होते. घरगुती दर परवडत नाही, हे शेतीच आहे, तर शेतीपंपाची जोडणी मिळेल का, अर्ज कुठे करायचा?

भाच्याने कॅनचं बूच घट्ट केलं.

‘मिळेल, काका. पण आमच्याकडं वीज काही आठवडे दिवसा असते, काही आठवडे रात्रीच. तुमचे मासे पाळीनं श्वास घेतील का?’