सुमीतवाले अप्पा

अप्पांच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला पाण्याआधी मिक्सर दाखवला जातो. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी, सागवानी स्टुलावर, क्रोशाच्या रुमालाखाली तो विराजमान असतो. ओट्यावर वाफ असते, फोडणी उडते, म्हणून त्याला स्वयंपाकघरात प्रवेश नाही. "हा आमचा सुमीत," असं म्हणून अप्पा रुमाल उचलतात. नवखा पाहुणा तोवर आतल्या खोलीतून एखादा मुलगा बाहेर येईल म्हणून वाट बघत असतो.

अप्पांनी जन्मात कधी चटणी वाटलेली नाही. खोबरं आधी फिरवायचं की मिरची, हेही त्यांना ठाऊक नसावं. पण मिक्सर सुरू झाला की ते पेपर बाजूला टाकून उठतात आणि काकूंच्या मागे उभे राहतात. "भांडं गळ्यापर्यंत भरू नकोस. एकदम तीनवर नेऊ नकोस. आता थांब, मोटरला श्वास घेऊ दे." काकूंनी श्वास कधी घ्यायचा, याबद्दल मात्र त्यांची काही सूचना नसते.

त्यांच्या कपाटात श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. त्यात झिजलेले कार्बन, तुटलेले कपलर आणि रबरी वॉशर जपून ठेवलेत. त्यातला एखादा कपलर बोटांत धरून अप्पा व्याख्यान देतात. "पातं अडकलं की हा तुटतो. का? तर वरची मोटर वाचावी म्हणून. स्वतः मरतो, धन्याला वाचवतो. आहे का अशी निष्ठा आजकाल?" वरची म्हणजे खरं तर खालची, मोटर कपलरच्या खाली असते. पण निष्ठेच्या भरात एवढं चालायचंच.

सोसायटीत कोणाचा नवा मिक्सर जळाला की अप्पांना सुतक नसतं, उलट जिलेबी आणावीशी वाटते. जळक्या वाइंडिंगचा वास त्यांना जिन्यातच येतो. ते सांत्वनाला जातात आणि विचारतात, "किती वर्षं चालला?" उत्तर काहीही आलं तरी त्यांची मान एकाच बाजूला हलते. लग्न जमवतानासुद्धा मुलीकडचा फ्लॅट किती खोल्यांचा, हे ते विचारत नाहीत. वाटणघाटण कशावर करता, एवढंच विचारतात. भाचा अमेरिकेला निघाला, तेव्हा तिथली वीज 120 व्होल्टची, इथलं यंत्र 230 चं, हे त्याला समजावताना अप्पांचा गळा दाटून आला होता. भाचा दुरावतोय म्हणून असेल, अशी त्याच्या आईची समजूत झाली.

याच सुमीतच्या नावावरून तो बनवणाऱ्यांच्या घरच्याच कंपन्यांचा वाद कोर्टात गेला आणि 1994 साली सर्वोच्च न्यायालयाला त्यात निकाल द्यावा लागला. हा भाग अप्पा आवाज खाली आणून सांगतात, जणू आपल्याच चुलतभावांची वाटणी चाललीय. "असायचंच," म्हणतात, "भांड्याला भांडं लागतंच."

परवा तळमजल्यावरची नवी सून हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आली आणि सुमीतच्या जन्माच्या गोष्टीत सापडली. मूळ गोष्ट खरीच मोठी आहे. सत्यप्रकाश माथुर हे मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर. त्यांच्या पत्नी माधुरीबाईंकडे ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर होता. युरोपातल्या स्वयंपाकघरासाठी घडवलेलं यंत्र ते. त्याच्यापुढे आपली भिजवलेली डाळ आली. घट्ट वाटण पडलं की पातं मंदावतं, मोटर जास्त करंट ओढते, तापते. अखेर ती जळली.

"आणि मग," अप्पांनी हात वर केला, "त्या माणसानं ठरवलं! आपल्या वाटणाला पुरून उरेल अशी दणकट मोटर! 1963 साली सुमीत बाजारात. एका इंजिनिअरची जिद्द बघ, पोरी!"

काकू तेवढ्यात डाळीचं पातेलं कडेवर घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या होत्या. हातातून पाणी निथळत होतं; फरशीवर ओल पडू नये म्हणून त्या भिंतीच्या कडेनं, पायपुसण्यावरून पायपुसण्यावर पाय टाकत येत होत्या. स्टुलापाशी पोचून त्यांनी पातेलं टेकवलं.

"जिद्द नंतरची," त्या सुनेला म्हणाल्या. "आधी बायको म्हणाली की यंत्र धड नाही, आणि नवऱ्यानं ते ऐकून घेतलं. त्याचं यंत्र झालं. मी तर नुसतं हे स्टूल ओट्याजवळ न्या म्हणतेय."

"ओट्याजवळच्या प्लगला अर्थिंग नाही," अप्पा म्हणाले.

"ते करून घ्यायला वायरमन लागतो, माथुर लागत नाहीत," काकू म्हणाल्या आणि त्यांनी बटण एकदम तीनवर नेलं. अप्पा पुढे बराच वेळ हातवारे करून काही सांगत होते. पण सुमीतपुढे ते कोणालाच ऐकू आलं नाही.