टेप कंपनीचा, गाणी आपली

जुनी गाडी घेताना आमच्या लोहारा गावात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "टेप कंपनीचाच आहे, हात लावलेला नाही." हीच तर पंचाईत! त्याला सीडी चालते, रेडिओ चालतो. आपला मोबाइल मात्र सावत्र. मग जुगाड आला. कॅसेटचा टेप असेल, तर वायरची शेपटी लावलेली खोटी कॅसेट आत ढकलायची. साडेतीन मिलिमीटरचं ऑक्सचं भोक सापडलं, तर देवच पावला. काहीच नसेल, तर जन्मात विडीला न शिवलेला माणूसही सिगारेट पेटवायच्या भोकात एफएम ट्रान्समीटर खोचतो. ते यंत्र ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधली रिकामी जागा धरून आपलीच गाणी आपल्याच रेडिओला ऐकवतं. पुण्यात ९१.१, ९८.३, १०१ असे बडे भाडेकरू आधीच मुक्कामाला; आपल्या भजनात त्यांची जाहिरात घुसते. लोहाऱ्यात बँड माळरानासारखा मोकळा. मोठी रेडिओ केंद्रं इकडं फिरकली नाहीत, त्याचा एवढा एकच फायदा! तेव्हा गाडी घेताना टायरला लाथ मारून झाली, की टेपचं तोंडही एकदा बघून घ्या.