उजव्या खुर्चीची परीक्षा

उमरखेडात विमान उतरत नाही. जिल्ह्याची धावपट्टी यवतमाळजवळ, भारीला. 2009 साली नांदेड, लातूर, बारामती, धाराशिवसोबत तीही खासगी कंपनीकडे भाडेपट्ट्याने गेली. इथल्या पोराला वैमानिकांचा प्रशिक्षक व्हायचं तर बारामती नाहीतर गोंदियाची वाट धरावी.

परीक्षा मात्र मजेशीर. उमेदवार उजव्या खुर्चीत. सेसना विमानाचं जे हँडल इतकी वर्षं डाव्या हाताने धरलं ते आता उजव्यात, थ्रॉटल डाव्यात. डावीकडे परीक्षक विद्यार्थी होऊन बसणार आणि मुद्दाम चुकणारही. तरी न चिडता बोलत राहायचं: वेग पडतोय, नाक खाली घे, आता पॉवर दे. हात आणि तोंड बरोबरीने चाललं पाहिजे.

एवढ्यासाठी लोक महिनोन्‌महिने घोकतात! आमच्या बसस्टँडवर यावं. ड्रायव्हरने एसटी मागे घ्यायला सुरुवात केली की चार जण 'येऊ दे, येऊ दे' सुरू करतात. स्टिअरिंगला एकाचाही हात कधी लागलेला नसतो. गाडी खांबाला टेकली की तेच चौघे, 'सांगत होतो ना भाऊ!' विमान वाहतूक महासंचालनालयाने एखादा परीक्षक इकडे धाडावाच. त्याला मधे बोलायला मिळेल याची हमी तेवढी मागू नये.