रुपिअम्माचा कोट

पवनीत राहून जुन्या काळचे पोशाख करण्याचा छंद लागला, यात माझं कर्तृत्व फारसं नाही. गावाला परकोट आहे, खंदक आहे, वैनगंगेवर घाट आहेत आणि देवळं इतकी, की लोक कौतुकानं 'विदर्भाची काशी' म्हणतात. इथे माणूस दळण आणायला निघाला तरी वाटेत दोन-चार शतकं ओलांडतो. एखाद्याला त्या शतकांच्या अंगावर काहीतरी घालावंसं वाटलं तर नवल नाही. घरच्यांना मात्र वाटतं. जिवंत माणसांच्या सदऱ्यांची बटणं तुटलेली असताना मेलेल्यांचे झगे घेऊन बसणं हे लक्षण बरं नाही, असं त्यांचं मत आहे.

या छंदाची सुगी येते ती शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि मग १९ फेब्रुवारीला. त्या दिवशी गावातली निम्मी पोरं महाराज होतात, उरलेली मावळे. जांभळी मखमल, जरीची लेस, पुठ्ठ्यावर चढवलेला जिरेटोप आणि हनुवटीखाली इलॅस्टिक. जाणकार नाक मुरडतात. महाराजांच्या जुन्या चित्रांत दिसतो तो तलम, घेरदार जामा. ही मखमल कुठून आली, असं विचारतात. मला विचाराल तर ती नाटकाच्या ड्रेपरीतून आली, आणि तिचं काही चुकलेलं नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर शंकरपट भरतात, त्यांच्या सोबतीनं रात्र रात्र नाटकं चालतात. मंडपाच्या शेवटच्या टोकाला, घोंगडीत अर्धा झोपलेल्या म्हाताऱ्यालाही राजा आला हे कळायला हवं. मलमलीतला राजा तिथून पाहिला तर तलाठी वाटला असता. मखमल ही इतिहासाची चूक असेल, पण लांबून दिसणारी आहे.

तरी मनात यायचं, पवनीच्या स्वतःच्या इतिहासाला कपडे का नकोत? १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीनं इथल्या जगन्नाथ टेकडीचं उत्खनन केलं आणि देवळाखाली बौद्ध स्तूप निघाला. शिल्पांत मुचलिंद नाग आहे, फणा उभारलेला, आणि त्याखाली बुद्धाचं आसन रिकामं. त्या काळी बुद्धाला मनुष्यरूपात कोरत नसत. पोशाख करणाऱ्यावर एवढी कृपा दुसऱ्या कुठल्या शिल्पकारानं केली नसेल. स्तूपाच्या दगडांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. राजे-सेनापती सोडून साधी माणसं, त्यांत बायकाही. मला ती सगळी नटवायची होती.

त्या सुमाराची माणसं नेसत काय, हे भरहुतच्या बौद्ध स्तूपावरच्या शिल्पांत दिसतं: खाली धोतर, वर उत्तरीय, डोक्यावर फेट्याचा एवढा मोठा डोलारा की खालच्या माणसाची काळजी वाटावी. मी चित्रं घेऊन आमच्या टेलरभाऊंकडे गेलो. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं. "सर, हे तं धोतर झालं. याच्यात मी शिवू काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन हजार वर्षांचा वारसा घेऊन मी दुकानात उभा होतो आणि त्यात सुईला काम नव्हतं.

त्यांची अडचण सोडवली रुपिअम्मानं. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म हा शक. त्याच्या स्मृतीचा लेख असलेला छायास्तंभ पवनीतच सापडला. शकांचा वेष कसा असे, ते मथुरेच्या संग्रहालयातला चष्टनाचा मानला जाणारा पुतळा सांगतो: गुडघ्यापर्यंत शिवलेला कोट, कमरेला पट्टा. शेजारच्या कनिष्काच्या पायांत तर जाडजूड बूट आहेत. दोघांनाही डोकं नाही, त्यामुळे टोपीचा प्रश्न परस्पर मिटला. टेलरभाऊ खुलले. बाही, कळी, अस्तर, सगळं आलं! थंड प्रदेशातून आलेल्या लोकांचा तो कोट आम्ही मन लावून बेतला, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला तेव्हा मला त्या कुमाराची पहिल्यांदा खरी दया आली. वैनगंगेच्या काठी, त्या कोटात. स्मृतिस्तंभ उभारायची वेळ का आली असेल, याबद्दल टेलरभाऊंचं स्वतःचं एक अनुमान आहे.

बिनशिवलेल्या कपड्यांना कमी लेखू नये, हे मात्र मला कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांच्यामुळे पटलं होतं. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं, आणि ज्याच्यासाठी मिळालं तो नायक कथेत पुढे पुढे कपडे कमीच करत जातो. पंचा नेसवायलाही हात लागतो.

तो हात मी एका स्नेहसंमेलनात पाहिला. पाचवीतल्या मुलीला दान देणारी उपासिका करायचं ठरलं. तिच्या आजीनं ट्रंकेतून टसरचं करवतकाठी लुगडं काढलं. आमच्या जिल्ह्याचं हे विणकाम. कोसा येन-अर्जुनाच्या झाडांवरचा, काठाला करवतीचे दाते, आणि ते विणायला मागावर तीन धोटे लागतात. आजीनं भरहुतची चित्रं पाहिली नव्हती. दोन निऱ्या तोंडात धरून तिनं तो लांबलचक कपडा नातीभोवती फिरवला, एक टोक कमरेत खोचलं, दुसरं खांद्यावर टाकलं, आणि माझ्या वहीतल्या रेखाटनात न जमलेली चुणी तिथे आपोआप पडली. "टाचणी लावू का?" मी विचारलं. "कायले? पोरगी का पळून चालली?" आजी म्हणाली. मुलगी रंगमंचावर हात जोडून गेली, दान देऊन परत आली, मधे मागे वळून आजीकडे पाहून हसलीही, आणि कपडा जागचा हलला नाही.

रुपिअम्माचा कोट माझ्या कपाटात आहे; हौशी मंडळींना नाटकासाठी हवा असेल तर न्यावा, हिवाळ्यात. पण घरात आजीचं जुनं टसर असेल तर त्याचे कुर्ते नि उशांचे अभ्रे करायला कृपा करून शिंप्याकडे नेऊ नका. आधी आजीकडून ते नेसायला शिकून घ्या.